प्रत्येक वाक्यामागे ‘म्हणे’ लावून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: व्यसनात अडकलेल्या आणि तरुणपणीच गेलेल्या एका रॉक गायकाचं चरित्र अभ्यासाला लावलंय. लेखक वाचकाचं मन कसं वळवतो, ते त्यातून दाखवायचंय. पण भाषणात किंवा अग्रलेखात दिसतो तसा युक्तिवाद या पुस्तकात कुठेच सापडत नाही. लेखक मत देत नाही, सल्ला देत नाही, जन्मापासून मृत्यूपर्यंत नुसती हकीकत सांगत जातो. मग शोधायचं काय?

मी वीस-बावीस वर्षं चरित्रांच्या हस्तलिखितांवर संपादनाचं काम करतेय. त्यात गायक-वादकांची चरित्रं बरीच हाताखालून गेली, म्हणून उत्तर समीक्षकाचं नसेल, शिवणकाम उसवून पाहणाऱ्या बाईचं असेल.

चरित्रकाराचा युक्तिवाद मांडणीत असतो. काय आधी सांगितलं, कशाला किती पानं दिली, कुठला प्रसंग कुणाच्या नजरेतून दाखवला आणि शंका कुठे गिळून टाकली, तिथे तो सापडतो. वर्गात तुम्हाला बहुधा विश्वासार्हता, भावना आणि तर्क असे तीन कप्पे दिले असतील. ते वापरा, पण या जातीच्या पुस्तकात एकच वाक्य तिन्ही कप्प्यांत बसतं, आणि मग नुसती वर्गवारी करण्यात वेळ जातो.

पहिल्या पानापासून सुरू करा. अशी बहुतेक पुस्तकं शेवटापासून सुरू होतात. प्रास्ताविकात हॉटेलची खोली, बंद दार, वाजणारा फोन किंवा शेवटची मैफल. मग पान उलटलं की प्रकरण पहिलं: जन्म, गाव, आईवडील. ही क्रमवारी निरुपद्रवी दिसते, पण सगळ्यात मोठं काम तीच करते. ‘निर्वाणा’ या अमेरिकी रॉक बँडचा गायक कर्ट कोबेन याचं उदाहरण घ्या. २० फेब्रुवारी १९६७ चा जन्म, वॉशिंग्टन राज्यातलं ॲबर्डीन हे लाकूडतोडीवर जगणारं गाव, नऊ वर्षांचा असताना आईवडिलांचा घटस्फोट. सत्तरच्या दशकातल्या अमेरिकेत घटस्फोट झालेल्या घरांत लाखो मुलं वाढली. पण प्रास्ताविकात एप्रिल १९९४ मधली त्याची आत्महत्या दाखवून झाली असेल, तर त्या नऊ वर्षांच्या मुलाचा रुसवासुद्धा अपशकुन वाटायला लागतो. लेखकाने ‘म्हणून’ हा शब्द कुठेही लिहिलेला नसतो. तो वाचक स्वतः भरतो, आणि जे आपण स्वतः भरलं त्यावर आपण शंका घेत नाही.

याची परीक्षा करायची एक सोपी रीत आहे. त्याच बँडचा ड्रमर डेव्ह ग्रोल घ्या. त्याचेही आईवडील तो लहान असतानाच वेगळे झाले, आईने त्याला वाढवलं. ग्रोल पुढे यशस्वी झाला, आजही स्टेजवर उभा आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल लिहिताना हीच घटना आईच्या हिमतीच्या गोष्टीत जाते. म्हणजे घटना एकच, पण शेवट तिला अर्थ देतो. तुमच्या पुस्तकातलं बालपणाचं प्रकरण घ्या, शेवट माहीत नाही असं समजून पुन्हा वाचा, आणि कोणती वाक्यं अचानक पोकळ होतात त्यांवर खूण करा. तुमच्या उत्तराचा अर्धा मजकूर तिथेच मिळेल. गंमत म्हणजे १९९३ मधल्या शेवटच्या स्टुडिओ अल्बमच्या पहिल्याच गाण्यात कोबेनने त्या गाजलेल्या घटस्फोटाचा आपल्यालाच कंटाळा आल्याचं गाऊन ठेवलंय. तरी चरित्रकारांनी तो धागा सोडलेला नाही. कसा सोडतील? त्याच्याइतकं सोयीचं पहिलं प्रकरण दुसरं नाही.

आता मुख्य गोष्ट, कुणीच न पाहिलेले प्रसंग. खालचा उतारा मीच रचलाय, कुठल्या पुस्तकातला नाही, पण या घाटाचे शेकड्याने वाचलेत:

‘पहाटेचे चार वाजले होते. पाऊस नुकताच थांबला होता. गिटार भिंतीला टेकवून तो खिडकीतून खालच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहत राहिला. हजारोंनी काल रात्री त्याच्या नावाचा गजर केला होता, आणि आज खोलीत त्याचं म्हणावं असं कोणी नव्हतं. आता मागे फिरणं नाही, हे त्याला कळून चुकलं.’

छान वाहतो ना? आता एकेक वाक्य सुटं करा. चार वाजल्याचं हॉटेलच्या फोनच्या नोंदीवरून कळू शकतं. पाऊस थांबल्याचं हवामान खात्याच्या जुन्या नोंदीत सापडेल. गिटार भिंतीला टेकवलेली होती, हे पोलिसांच्या फोटोत असू शकतं. खिडकीतून पाहत राहिला, हे कुणी पाहिलं? समोरच्या इमारतीतून कुणी पाहिलं असेल तर त्याचं नाव टीपेत हवं. चौथं वाक्य कुणाचं आहे तेच कळत नाही. एकटेपणाची ही जाणीव गायकाची आहे की लेखकाची? आणि पाचवं तर सरळ मेलेल्या माणसाच्या डोक्यात शिरतं. पहिल्या दोन वाक्यांनी रीतसर तिकीट काढलं, शेवटची दोन त्याच तिकिटावर गाडीत चढली. वाचक तिकीट तपासनीसासारखा बसलेला नसतो, तो गोष्टीत रमलेला असतो.

इथे मराठी आपल्या मदतीला येते. आपल्याकडे ‘म्हणे’ नावाचा एक चिमुकला शब्द आहे. ऐकीव गोष्ट सांगताना आपण तो सहज जोडतो. पुस्तक कुठल्याही भाषेतलं असो, प्रत्येक वाक्य मनात मराठीत घ्या आणि शेवटी ‘म्हणे’ लावा. ‘पाऊस नुकताच थांबला होता म्हणे.’ ठीक आहे, कुणीतरी सांगितलं असेल. ‘तो दोन दिवस जेवला नव्हता म्हणे.’ हेही चालेल, सोबतच्या मित्राने सांगितलं असेल. ‘आता मागे फिरणं नाही, हे त्याला कळून चुकलं म्हणे.’ इथे हसू येतं, कारण हे म्हणायला कुणी उरलेलंच नाही. ‘म्हणे’ बोलणारा मागतो, आणि बोलणारा नसलेली वाक्यं ताबडतोब उघडी पडतात. एका प्रकरणावर हा प्रयोग करा आणि ‘म्हणे’ न पेलणाऱ्या वाक्यांखाली रेघ मारा. बहुतेक वेळा त्या रेघा परिच्छेदाच्या शेवटी दाटलेल्या दिसतील, कारण तपासता येणारी माहिती आधी देऊन कमावलेला विश्वास शेवटी खर्च करायचा असतो.

हे फक्त उथळ पुस्तकांत होतं असं समजू नका. कोबेनच्या २००१ साली आलेल्या एका गाजलेल्या चरित्रासाठी लेखकाने चारशेहून जास्त मुलाखती घेतल्या, त्याच्या खासगी वह्या वाचल्या. एवढी मेहनत फार थोडे करतात. तरीही शेवटचे तास, जेव्हा तिथे दुसरं कुणी नव्हतं, ते त्याने डोळ्यांदेखत घडल्यासारखे रंगवले आणि त्यावर टीका झाली. वाचकाला मात्र ते खटकत नाही, कारण तोवर चारशे मुलाखतींचं वजन पाठीशी असतं. मुलाखतींचा आकडा मलपृष्ठावर का छापतात याचं हे उत्तर.

थोडा माझाही कबुलीजबाब. ‘कदाचित’, ‘बहुधा’, ‘असं सांगतात’, ‘नक्की कळत नाही’ हे शब्द वाक्याची चाल अडवतात, म्हणून उमेदवारीच्या वर्षांत मी ते भराभर काढायचे. एका हस्तलिखितात लेखकाने बिचाऱ्याने प्रामाणिकपणे पेरलेले असले शब्द मी एका दुपारी निम्म्याने कमी केले. भाषा सफाईदार झाली, लेखकही खूश झाला. छापून आल्यावर एका वाचकाने विचारलं, हे तुम्हाला इतकं खात्रीने कसं ठाऊक? ठाऊक नव्हतंच. ती खात्री माझ्या लाल पेनाने आली होती. तेव्हा तुम्ही ‘लेखकाची तंत्रं’ म्हणाल तेव्हा त्यात संपादकाचा, प्रकाशकाचा, कधी वकिलाचाही हात धरा. मानहानीच्या भीतीने जिवंत माणसांबद्दलची वाक्यं मऊ होतात आणि मेलेल्याबद्दलची टणक राहतात. दोषाची वाटणी त्यामुळेही बदलते, आणि ते वरवर पाहता दिसत नाही.

साक्षीदारांकडे वळू. या जातीच्या चरित्रातला सगळ्यात कच्चा साक्षीदार बरेचदा स्वतः गायक असतो. ‘द डोअर्स’ या बँडचा गायक जिम मॉरिसन याने सुरुवातीच्या काळात आपले आईवडील वारल्याचं सांगितलं होतं. वडील जिवंत होते, अमेरिकी नौदलात मोठ्या हुद्द्यावर होते आणि व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातातल्या १९६४ च्या लष्करी घटनेच्या वेळी तिथल्या ताफ्याचे प्रमुख होते. कोबेनने ॲबर्डीनमधल्या विश्का नदीवरच्या पुलाखाली राहिल्याची गोष्ट सांगितली. त्याच्याच बँडचा बासवादक क्रिस्ट नोव्होसेलिक म्हणतो की तिथे तो वेळ घालवायचा खरा, पण भरती-ओहोटीच्या त्या चिखलात राहणं शक्यच नव्हतं. आता या पुलाची वाटचाल बघा. पुलाखाली राहण्यावरचं गाणं आलं. गाण्याला आधार म्हणून पुलाची गोष्ट सांगितली गेली. मग गोष्ट खरी असल्याचा पुरावा म्हणून गाणंच दाखवलं गेलं. पुरावा आणि दावा एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे. आज त्या पुलाजवळ छोटीशी स्मृतिबाग आहे आणि गावाच्या वेशीवरच्या स्वागताच्या पाटीवर त्याच्या एका गाण्याचं नाव आहे.

गाण्याच्या ओळी रोजनिशीसारख्या वापरणं हे तंत्र तुमच्या पुस्तकात नक्की सापडेल. प्रकरणाच्या माथ्यावर ओळ, खाली प्रसंग. तिथे गाणं कधी लिहिलं आणि प्रसंग कधी घडला, दोन्ही तारखा शोधा. उलटसुलट निघाल्या तर तुमच्या हातात घबाड आहे.

१९९३ साली, कोबेन जिवंत असताना, त्याच्या सहकार्याने बँडचं चरित्र लिहिणाऱ्या पत्रकाराने तीस वर्षांनी त्याच पुस्तकाची सटीप आवृत्ती काढली आणि गायकाच्या कोणत्या गोष्टी आपण फार सहज मान्य केल्या ते नव्या टीपांत लिहिलं. असा धीर मी क्वचित पाहिलाय.

कागदपत्रांनाही सोवळं मानू नका. ‘निर्वाणा’ बँडच्या १९८९ च्या पहिल्या अल्बमचं ध्वनिमुद्रण ६०० डॉलरमध्ये झालं असं वेष्टनावरच छापलंय. हिशेबातला खरा आकडा ६०६ डॉलर १७ सेंट असा सांगतात, आणि चरित्रकारांना तो फार आवडतो, कारण सतरा सेंटपर्यंत माहिती असलेला लेखक बाकीचंही खरंच सांगत असणार असं वाटतं. पण त्याच वेष्टनावर गिटारवादक म्हणून जेसन एव्हरमनचं नाव आहे, आणि त्याने त्या अल्बममध्ये एक सूरही वाजवलेला नाही. पैसे त्याने भरले होते, म्हणून नाव आणि फोटो. छापील, समकालीन, बँडने स्वतः दिलेला पुरावा, आणि तरी चूक. बारीक आकड्याने विश्वास कमावणं हे तंत्र आहे हे लक्षात ठेवा. आकडा खरा असतो, पण त्याच्या आडून जे पुढे सरकतं ते वेगळं तपासावं लागतं.

याच्याच जोडीला आणखी एक हुशार चाल आहे: छोटी दंतकथा स्वतःच खोडून काढायची. ‘पुलाची गोष्ट खोटी आहे’ असं लेखक दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात सांगून टाकतो. वाचकाला वाटतं, हा भाबडा नाही, तपासून घेणारा आहे. मग पुढे दोनशे पानं आपण त्याला काही विचारत नाही. मी याला वाईट म्हणत नाही, बरेचदा ते प्रामाणिकच असतं. पण खोडलेली दंतकथा आणि पुढे बिनदिक्कत वापरलेली दंतकथा यांची पानं शेजारी शेजारी मांडा, म्हणजे लेखकाची काटेकोर नजर कुठे झोपते ते दिसेल.

आता पानांचा हिशेब. वर्षामागे किती पानं पडतात ते मोजा. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच कुणी करत नाही. सिड बॅरेटचं आयुष्य घ्या: जन्म १९४६, पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडमधून १९६८ मध्ये बाहेर, १९७० मध्ये दोन एकल अल्बम, आणि मृत्यू २००६ मध्ये, साठाव्या वर्षी. शेवटची जवळपास पंचवीस वर्षं त्याने केंब्रिजमध्ये चित्रं काढत, बाग करत, सायकलवरून फिरत काढली. म्हणजे गाजलेली वर्षं पाच-सहा आणि बाकीचं आयुष्य त्याच्या कितीतरी पट. पण चरित्रात १९६७ चा एक उन्हाळा कित्येक पानं घेतो आणि केंब्रिजची पंचवीस वर्षं शेवटच्या प्रकरणात आवरली जातात. लेखकाने कुठेही ‘त्याचं आयुष्य तिथेच संपलं’ असं लिहिलेलं नसतं, पण वाचक तोच निष्कर्ष घेऊन उठतो. बॅरेटची बहीण त्याच्या नंतरच्या आयुष्याबद्दल बोलली तेव्हा त्यात बराच साधा, घरातला माणूस दिसला. त्या माणसाला पानं मिळाली असती तर पुस्तकाचं नाव वेगळं ठेवावं लागलं असतं, आणि विक्री विभागाला ते परवडलं नसतं.

बॅरेटचाच तो प्रसिद्ध प्रसंग: जून १९७५, ॲबी रोड स्टुडिओ. त्याच्यावरच्याच गाण्याचं काम चालू असताना टक्कल केलेला, भुवया उतरवलेला एक लठ्ठ माणूस आत येतो आणि जुने मित्र त्याला ओळखत नाहीत. एवढा योगायोग मिळाल्यावर कोणता लेखक तो सोडेल? प्रसंग खरा आहे, पण नेमका दिवस, तो किती वेळ थांबला, काय बोलला, यावर हजर असलेल्यांच्याच आठवणी जुळत नाहीत. चांगला चरित्रकार तीन आठवणी तीन माणसांच्या नावाने देतो. चतुर चरित्रकार तिन्हींतले सगळ्यात बोचरे तपशील उचलून एकच दृश्य बांधतो. दोन्ही खोटं लिहीत नाहीत. परिणाम मात्र वेगळा होतो, आणि तुम्ही नेमका तो फरक दाखवायचा आहे.

व्याकरणाकडेही बघा, इथे फार मजा आहे. सहानुभूतीने लिहिलेल्या चरित्रात चांगल्या गोष्टींचा कर्ता गायक असतो आणि वाईट गोष्टी आपोआप घडतात. ‘त्याने एका रात्रीत गाणं लिहिलं’, पण ‘खोलीची मोडतोड झाली’. ‘त्याने मित्राला गिटार भेट दिली’, पण ‘दौरा रद्द झाला’. दौरा रद्द कुणी केला? किती वादक, रोडी (दौऱ्यावर सामान हलवणारे, मांडणारे), तंत्रज्ञ त्या महिन्यात बिनपगारी बसले? मराठीत तर ही सोय भाषेतच आहे: व्यसन लागतं, जडतं, ग्रासतं, संगत बिघडते. माणूस काही करत नाही, त्याला सगळं होतं. द्वेषाने लिहिलेल्या चरित्रात नेमकं उलटं असतं: ‘त्याने पुन्हा सुई उचलली’, ‘गाणं मात्र बँडकडून झालं’. एका प्रकरणातली क्रियापदं दोन रकान्यांत लिहून काढा. लेखक कुणाच्या बाजूचा आहे, हे त्याने न सांगताही कळेल.

नावाचंही तसंच. बालपणात सगळेच चरित्रकार पहिलं नाव वापरतात: जिम, जॅनिस, कर्ट. आडनाव कुठे येतं बघा. बरेचदा ते खटल्याच्या, कराराच्या, भांडणाच्या प्रकरणात येतं, आणि रुग्णालयात पुन्हा पहिलं नाव. मराठीत लिहिणाऱ्याला ‘तो’ की ‘ते’ हेही ठरवावं लागतं. ‘मॉरिसन म्हणाले’ लिहिलं की टेबलापलीकडे बसलेला माणूस दिसतो, ‘जिम म्हणाला’ लिहिलं की शेजारी बसलेला. एका अनुवादकाने माझ्याशी यावर आठवडाभर वाद घातला होता. शेवटी ‘तो’ ठेवलं. वाद मी हरले आणि बरं झालं.

दोष कुणावर टाकायचा, हा या पुस्तकांचा छुपा विषय असतो. मॉरिसनची मायामीची मैफल बघा, १ मार्च १९६९. स्टेजवर अश्लील प्रदर्शन केल्याचा आरोप झाला. १९७० मध्ये ज्यूरीने काही आरोपांत दोषी ठरवलं, सहा महिने कैद आणि ५०० डॉलर दंड झाला, अपील चालू असतानाच तो गेला, आणि डिसेंबर २०१० मध्ये फ्लोरिडा राज्याने मरणोत्तर माफी दिली. नेमकं काय केलं यावर हजारोंच्या त्या गर्दीतले लोक आणि बँडमधले लोक आजही एकमत नाहीत. एक चरित्रकार ही रात्र दारूने केलेल्या नाशाचा पुरावा म्हणून लिहितो, दुसरा सोवळ्या व्यवस्थेने कलाकाराचा घेतलेला बळी म्हणून. दोघांकडे तेच कागद. फरक कुठे? पहिला प्रकरण सुरू करतो विमान चुकण्यापासून आणि दारूपासून. दुसरा सुरू करतो खचाखच भरलेल्या उकाड्यातल्या सभागृहापासून आणि संपवतो माफीनाम्यावर. कुठे सुरू केलं आणि कुठे थांबवलं, एवढ्यावर आरोपी बदलतो.

पत्नी किंवा प्रेयसी खलनायिका, हा साचा तर इतका झिजलाय की त्यावर फार लिहिणार नाही. एवढंच सांगते: ऋणनिर्देशाचं पान आधी वाचा. गाण्याच्या ओळी छापायला हक्कधारकांची परवानगी लागते, वह्या आणि फोटो बहुधा वारसांकडे असतात. कुणी दारं उघडली ते तिथे कळतं, आणि मग पुस्तकात कुणावर टीका सौम्य आहे हे आपोआप लक्षात येतं.

रिकाम्या जागा आणखी कामाच्या. मॉरिसन ३ जुलै १९७१ ला पॅरिसमध्ये गेला. घातपाताची खूण दिसली नाही म्हणून शवविच्छेदन झालं नाही. बँडचा मॅनेजर पोचला तेव्हा त्याने बंद शवपेटी पाहिली, मृतदेह नाही. एवढी पोकळी मिळाल्यावर प्रश्नचिन्हं आपोआप उगवतात. १९८० मध्ये आलेल्या त्याच्या गाजलेल्या चरित्राने तो जिवंत असण्याची शक्यता मुद्दाम उघडी ठेवली आणि पुस्तक धडाक्यात खपलं. प्रश्न विचारण्यात खोटं बोलणं नसतं, म्हणून प्रश्नार्थक वाक्य हे सगळ्यात स्वस्त हत्यार आहे. तुमच्या पुस्तकातली प्रश्नचिन्हं मोजा, मुख्यतः प्रकरणांच्या शेवटची.

आणि सत्तावीस. ब्रायन जोन्स, जिमी हेन्ड्रिक्स, जॅनिस जॉप्लिन, मॉरिसन, कोबेन, पुढे २०११ मध्ये एमी वाइनहाउस: सगळे सत्ताविसाव्या वर्षी गेले. याला ‘सत्तावीसचा क्लब’ म्हणतात. तुमच्या पुस्तकात हा आकडा भाग्यरेषेसारखा ओढलेला असणार. २०११ च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक पाहणी आली. १९५६ ते २००७ या काळात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकाचा अल्बम दिलेले १,०४६ कलाकार घेतले, त्यांतले ७१ वारले होते. सत्ताविसाव्या वर्षी मृत्यूचा धोका वाढलेला दिसला नाही. पंचविसाव्या आणि बत्तिसाव्या वर्षीचं प्रमाण जवळपास तेवढंच होतं. विशी-तिशीत मात्र या कलाकारांचा धोका सामान्य लोकांपेक्षा दोन-तीन पट होता. म्हणजे खरी बातमी आकड्याबाहेर होती, पण तिला भाग्यरेषेची धार नाही. २०२४ मध्ये आणखी एका अभ्यासाने दाखवलं की सत्तावीस हे वय मृत्यू ओढवत नसलं तरी मृत्यूनंतरची प्रसिद्धी वाढवतं. या वयात गेलेल्यांची विकिपीडियावरची पानं जास्त पाहिली जातात. ओटिस रेडिंग आणि ग्रॅम पार्सन्स सव्विसाव्या वर्षी गेले, टिम बकली अठ्ठाविसाव्या. त्यांच्यासाठी असा कुठला क्लब नाही.

एकच कारण पुढे करणं हे या पुस्तकांचं सगळ्यात पटणारं आणि सगळ्यात धोक्याचं तंत्र. कोबेनच्या बाबतीत पोटाचं जुनाट दुखणं, हेरॉइन, प्रसिद्धीचा ताण, बालपण, यांतलं एक निवडून बाकीचं त्याच्या मागे रांगेत उभं केलं की गोष्ट सुटसुटीत होते. आपल्या हेरॉइनचं कारण म्हणून तो स्वतः पोटदुखी सांगायचा. त्याचं ऐकायचं की क्रम उलटा लावायचा, हा लेखकाचा निर्णय असतो, आणि तो निर्णय म्हणून क्वचित सांगितला जातो. आत्महत्येबद्दल लिहिताना एकच कारण देऊ नये आणि पद्धतीचं वर्णन करू नये, असं जागतिक आरोग्य संघटना माध्यमांना सांगते. त्यामागे भलेपणा आहे तसं साधं निरीक्षणही आहे: एका कारणाने सहसा असं घडत नाही. तुमच्या लेखकाने हा नियम पाळलाय का, ते एका परिच्छेदात लिहा.

उत्तर लिहिताना सगळं पुस्तक घेऊ नका, फसाल. प्रास्ताविक, एक बालपणाचं प्रकरण आणि एक वादाचा प्रसंग, एवढंच उचला. प्रत्येक ठिकाणी एखादाच परिच्छेद पूर्ण उतरवून घ्या आणि त्यावर सावकाश काम करा. ‘भावनिक भाषा वापरली आहे’ असलं वाक्य कुठल्याही पुस्तकाला लागू पडतं, त्याला गुण मिळत नाहीत. ‘शेवटच्या दोन वाक्यांना साक्षीदार नाही आणि तीच वाक्यं वाचकाच्या लक्षात राहतात’, हे फक्त त्या परिच्छेदाला लागू पडतं.

तुम्ही शेवटी विचारलंय, मग लेखक अप्रामाणिक म्हणायचा का? तसं सहसा नसतं. काही वर्षांपूर्वी एका चरित्राच्या हस्तलिखितात वरच्यासारखाच खिडकीचा परिच्छेद आला होता. मी समासात एवढंच लिहिलं: खोलीत कोण होतं? लेखकाचा रात्री फोन आला, तावातावाने. म्हणाला, त्या माणसासोबत मी सहा वर्षं जगलोय, तो काय विचार करत असेल हे मला नाही कळणार तर कुणाला? मला ते पटलंही आणि नाहीही. पंधरा दिवसांनी सुधारलेलं पान आलं. खिडकी गेली होती, रिकामा रस्ता गेला होता, ‘कळून चुकलं’ गेलं होतं. गिटार भिंतीला टेकलेली होती, ती तेवढी ठेवली होती, कारण तिचा फोटो होता.